हसलर : उद्योगी की उचल्या?

समजा, एका गावच्या शाळेत मधली सुट्टी झाली आहे. सातवीतला एक मुलगा गुरुजींच्या टेबलापाशी येऊन उभा राहतो. अंगात शहरातल्या मामाने पाठवलेला नवा सदरा, आणि त्याच्या छातीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत छापलेला एकच शब्द. मुलगा विचारतो, “गुरुजी, हसलर म्हणजे सारखा हसणारा का?”

गुरुजींनाही हसू येते. पण शब्द नेमका ठाऊक नसतो, म्हणून ते कपाटातला इंग्रजी कोश काढतात. एक अर्थ सापडतो : तडफेने काम करणारा, सदा कशाच्या तरी मागे असणारा, उद्योगी माणूस. “वा, छान शब्द आहे!” असे ते म्हणणार, तोच नजर पुढच्या ओळीवर जाते : लोकांना गंडवून पैसे काढणारा, लुच्चा. आणि त्याच्याही पुढचा अर्थ तर पोरासमोर मोठ्याने वाचावा की नाही असा. आता फळ्यावर काय लिहायचे?

कोशकारांची यात काही चूक नाही. शब्दच तसा आहे. माणसाचे जसे पूर्वायुष्य असते तसे शब्दाचेही असते, आणि या शब्दाचे पूर्वायुष्य मोठे भानगडीचे आहे. ते आज तुम्हाला सांगावे म्हणतो. कारण हा एक शब्द कोणकोणत्या माणसांना, कोणी आणि केव्हा लावला हे पाहत गेले, की गेल्या तीनशे वर्षांतला कष्टाचा, पैशाचा आणि प्रतिष्ठेचा बराच इतिहास हाती लागतो.

आधी उच्चाराचे पाहू, कारण तिथेच विद्यार्थी अडखळतात. मूळ क्रियापद ‘हसल’. त्याच्या स्पेलिंगमध्ये ‘टी’ हे अक्षर आहे, पण बोलताना ते गिळतात. कॅसल, व्हिसल, लिसन या शब्दांतही तेच होते. लिहिताना असणारे आणि बोलताना नाहीसे होणारे हे अक्षर या शब्दाला शोभून दिसते खरे. पुढे पाहालच.

‘हसल’ हा शब्द इंग्रजीत आला सतराव्या शतकात, आणि तो आला डच भाषेतून. इंग्रज आणि डच हे त्या काळी एकाच समुद्रावर व्यापार करीत, भांडत आणि एकमेकांचे शब्द उचलीत. जहाजाचा डेक, जहाजाचा स्किपर, यॉट नावाची हलकी होडी हे सगळे डचांकडून आलेले शब्द. तसाच डच शब्द ‘हुत्सेलन’. अर्थ अगदी साधा : हलवणे, खळखळवणे. डब्यात चिंचोके घालून लहान मुले वाजवतात ना, तसे.

इंग्लंडात हा शब्द पहिल्याने रुळला तो एका खेळामुळे. त्याचे नाव ‘हसल-कॅप’, म्हणजे टोपीतली खळखळ. हा प्रकार खेळायचा तो असा : जमिनीवर एक खूण करायची. सगळ्यांनी आपापले नाणे नेम धरून त्या खुणेकडे फेकायचे. ज्याचे नाणे खुणेच्या सर्वांत जवळ पडेल, त्याने सगळी नाणी टोपीत गोळा करायची, टोपी चांगली हलवायची आणि नाणी जमिनीवर उधळायची. त्यांतली जी छापा वर करून पडतील ती त्याची. उरलेली पुन्हा टोपीत, आणि दुसऱ्या नंबरचा गडी हलवायला बसतो. आपल्याकडच्या गोट्यांच्या डावाची आणि छापा-काट्याची ही सोयरीकच म्हणा. गल्लीतली पोरे, हमाल, गाडीवान असा हा खेळणारा वर्ग. तेव्हा ‘हसल’ या शब्दाच्या जन्मापासूनच त्याला पैशाचा खुळखुळाट आहे, थोडे कसब आहे, थोडे नशीब आहे, आणि जरासा संशयही आहे. टोपी हलवणाऱ्याच्या बोटांकडे बाकीचे डोळ्यांत तेल घालून पाहत असणारच की!

पुढे अठराव्या शतकात टोपीतली नाणी गेली आणि तिथे माणसे आली. गर्दीत एकमेकांना ढकलणे, रेटणे, धक्काबुक्की करणे याला इंग्रज ‘हसल’ म्हणू लागले. अर्थाची ही उडी समजायला कठीण नाही. जत्रेतली गर्दी पाहिली की टोपीतल्या नाण्यांची आठवण येतेच. आता जिथे रेटारेटी तिथे खिसेकापू. लंडनच्या चोरांची एक ठरलेली रीत होती. दोघातिघांनी एखाद्या सभ्य गृहस्थाला घेरायचे, मुद्दाम धक्के द्यायचे, तो गोंधळला की एकाने घड्याळ लांबवायचे. हे धक्के देणे म्हणजे ‘हसल’, आणि देणारा तो ‘हसलर’. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात या शब्दाचा छापलेला अर्थ सरळ सरळ चोर असा आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर उचल्या.

इथवर सगळे सुसंगत आहे. वाईट कामाला वाईट शब्द. गंमत पुढे होते.

शब्द अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेत गेला, आणि १८८० च्या दशकात तिकडे ‘हसलर’ म्हणून घेणे भूषणाचे ठरू लागले! कामाचा झपाटा असलेला, दुकान चालवणारा, गिऱ्हाईक हुडकून आणणारा, एक धंदा बुडाला तर दुसऱ्या दिवशी दुसरा उभा करणारा, असा माणूस म्हणजे हसलर. चोराचा शब्द सावकाराला लागला, आणि सावकार खूश झाला. हे कसे झाले?

त्यासाठी त्या काळची पश्चिम अमेरिका डोळ्यांपुढे आणली पाहिजे. रेल्वेचे रूळ पसरत होते. ज्या वस्तीवरून रूळ जातील ती रातोरात शहर होई, आणि ज्या वस्तीला रूळ वगळतील तिथे धुळीशिवाय काही उरत नसे. म्हणून प्रत्येक वस्तीत अशी माणसे हवी होती, जी रेल्वे कंपनीच्या दारात धरणे धरतील, आपल्या गावाची तारीफ करीत देशभर हिंडतील, पडीक जमिनीचे नकाशे काढून त्यांवर बाजारपेठ, शाळा, नाटकगृह रंगवतील आणि ते नकाशे विकतील. यातले किती खरे आणि किती हवेतले, हे त्या वेळी विकणाऱ्यालाही सांगता आले नसते. गाव वसले की तो द्रष्टा. नाही वसले की तो लफंगा. माणूस तोच, काम तेच. निकाल मात्र पुढे रूळ कुठून गेले त्यावर.

याचे एक टोकाचे उदाहरण सांगतो. २२ एप्रिल १८८९. ओक्लाहोमा नावाच्या प्रदेशातली सुमारे वीस लाख एकर जमीन अमेरिकन सरकारने वसाहतीसाठी खुली केली. ती काही मोकळी पडलेली नव्हती. मूळच्या आदिवासी जमातींकडून एकेक करार करून काढून घेतलेली होती. नियम असा की बरोबर दुपारी बारा वाजता इशारा होईल, तोवर सीमेच्या आत कोणी पाऊल टाकायचे नाही. मग जो आधी पोचेल आणि खुंट ठोकेल त्याची १६० एकर जमीन. हजारो माणसे घोडे, गाड्या, रेल्वेचे डबे धरून सीमेवर खोळंबली होती. बारा वाजले आणि सगळा लोंढा सुटला. सकाळी जिथे माळरान होते तिथे संध्याकाळी ओक्लाहोमा सिटी आणि गथ्री अशी दोन तंबूंची शहरे उभी होती, आणि प्रत्येकात सुमारे दहा हजार माणसे.

पण लोंढ्यातले लोक धापा टाकीत चांगल्या जमिनीवर पोचले तो तिथे आधीच कोणीतरी आरामात बसलेले! ही माणसे रात्रीतून लपून छपून आत शिरली होती. त्यांना नाव पडले ‘सूनर’, म्हणजे वेळेच्या आधी येणारे. शिवीच होती ती. त्यांच्यावर खटले चालले, वर्षानुवर्षे कज्जे झाले. आणि आज? ओक्लाहोमा राज्याचे टोपणनाव ‘सूनरांचे राज्य’ असे आहे, आणि तिथल्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ ‘सूनर’ याच नावाने अभिमानाने मैदानात उतरतो. हसलर हा शब्द ज्या हवेत सोज्वळ झाला ती ही हवा. आधी जमीन ताब्यात घ्या. नाव आपोआप धुऊन निघते.

याच वर्षांत आपली एक मराठी लेखिका त्या देशात हिंडत होती. आनंदीबाई जोशी यांना १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात डॉक्टरची पदवी मिळाली, त्या समारंभाला पंडिता रमाबाई गेल्या आणि पुढे सुमारे अडीच वर्षे अमेरिकेतच राहिल्या. गावोगाव व्याख्याने दिली, विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला, आणि १८८९ साली मुंबईत परतल्यावर शारदा सदन काढले. त्याच वर्षी त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत निघाले. अमेरिकन लोकांच्या, विशेषतः तिथल्या बायकांच्या कामसूपणाचे आणि संस्था चालवण्याच्या हातोटीचे त्यांना मनापासून कौतुक आहे. पण त्याच पुस्तकात तिथल्या मूळ रहिवाशांवर आणि काळ्या लोकांवर होणाऱ्या अन्यायाविषयीही त्या स्पष्ट बोलतात. शिक्षकमित्रांनी हे पुस्तक जरूर मिळवावे. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, तरी परदेश कसा पाहावा याचा तो अजूनही चांगला पाठ आहे.

आणि आता याच्या उलट दिशेचा प्रवास पहा. १८९२ साली ‘नौलखा’ नावाची एक इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली. लेखक दोन : एक रडयार्ड किप्लिंग, ज्यांचा जन्म १८६५ साली मुंबईतला, दुसरे त्यांचे अमेरिकन मित्र वोलकॉट बॅलेस्टियर. पुस्तक होऊन निघण्याआधीच, १८९१ च्या डिसेंबरात बॅलेस्टियर विषमज्वराने वारले. या कादंबरीचा नायक निकोलस टार्व्हिन हा कोलोरॅडोतल्या टोपाझ नावाच्या गावचा माणूस आहे, आणि तो पक्का हसलर आहे. आपल्या गावाला रेल्वे यावी म्हणून तो रेल्वे कंपनीच्या अध्यक्षाच्या बायकोला नौलखा हार आणून देण्याचे कबूल करतो, आणि त्यासाठी थेट राजपुतान्यातल्या एका काल्पनिक संस्थानात येऊन थडकतो. ज्या मुलीवर त्याचे प्रेम आहे तीही तिथेच रोग्यांची सेवा करायला आलेली असते. संस्थानात राहायला काही निमित्त हवे, म्हणून हा गडी महाराजांना पटवतो की नदीत सोने आहे, आणि चक्क नदीला बांध घालायला लागतो! शेवटी हार हाती येतो, पण त्या मुलीखातर तो परत करावा लागतो.

कादंबरी म्हणून ती फार मोठी नाही, आणि हिंदुस्थानी माणसांची चित्रे तर गोऱ्या साहेबाच्या खुर्चीत बसूनच काढलेली आहेत. पण तिच्यात एका प्रकरणाच्या डोक्यावर किप्लिंगने चार ओळी घातल्या, त्यांत ‘हसल’ हे क्रियापद वापरले, आणि त्या ओळी कादंबरीपेक्षा जास्त जगल्या. त्यांचा मतलब असा की पूर्वेला घाई करायला जाणारा गोरा स्वतःच थकून मरतो, आणि त्याच्या थडग्यावर मूर्ख असे लिहिले जाते. कित्येक साहेबांनी पुढे हे वाक्य आपल्या आळसाचे समर्थन म्हणून वापरले असेल! आपल्याला यातून एवढेच ध्यानात घ्यायचे, की इंग्रजाच्या कानाला हा शब्द त्या वेळी अजून खडबडीत, अमेरिकन आणि जरा असभ्य वाटत होता.

तो खडबडीतपणा पहिल्या महायुद्धाने घासून काढला. आघाडीवर तोफगोळे कमी पडू लागले, तेव्हा १९१५ च्या मार्चमध्ये लॉईड जॉर्ज यांनी पार्लमेंटात सांगितले की कारखाने हलवायला अंगात जोर असलेला, काम रेटून नेणारा व्यापारी माणूस हवा. वर्तमानपत्रांनी लगेच ‘रेटा आणि झपाटा असलेली माणसे’ अशा अर्थाचा एक वाक्प्रचारच करून टाकला. म्हणजे शांततेच्या दिवसांत ज्याला ‘काय ही धक्काबुक्की!’ म्हणून नाके मुरडायची, त्याच गुणाची संकटात जाहिरात द्यायची. घरोघरी हेच असते. खटपट्या मुलाला एरवी सगळे टाकून बोलतात, आणि लग्नात ऐन वेळी पाणी संपले की त्यालाच हाका मारतात.

आता आपण मराठीवर आलोच आहोत तर दोन शब्द बोलून घेऊ. आपला ‘खटपट’ हा शब्द या ‘हसल’चा अगदी सख्खा नसला तरी चुलत भाऊ आहे. “फार खटपट करून त्याने विहीर पाडली” म्हटले की ती स्तुती. “तो मोठा खटपट्या आहे, जपून राहा” म्हटले की ती ताकीद. ‘उद्योग’ या भारदस्त शब्दाचेही तेच. “उद्योगी मुलगा आहे” आणि “काय हा उद्योग करून ठेवलास!” या दोन वाक्यांत शब्द एकच, पण एकाने पाठ थोपटायची आणि दुसऱ्याने कान धरायचा. धडपड्या, हिकमती, उचापत्या, लटपट्या, उपद्व्यापी अशी ही सगळी भावंडे ओळीने उभी करून विद्यार्थ्यांना विचारावे, की यांतले कौतुकाचे कोण आणि टाकून बोलण्याचे कोण. वर्गात वाद होईल, आणि तो होऊ द्यावा.

पुन्हा अमेरिकेकडे. महायुद्ध संपले, आणि १९२२ साली सिंक्लेअर लुईस यांची ‘बॅबिट’ ही कादंबरी आली. जमिनी-घरांची दलाली करणारा, सभासमारंभांत मिरवणारा, शहराच्या भरभराटीची भाषणे ठोकणारा असा तिचा नायक. तिच्यात एक परिच्छेद आहे, त्यात लुईस हा ‘हसल’ शब्द इतक्या वेळा वाजवतात की वाचणाऱ्याला धाप लागावी. गाडी पकडायची घाई, जेवण गिळायची घाई, दाढी करून घ्यायची घाई. पैसा मिळवता मिळवता माणूस कोसळतो, डॉक्टर विश्रांती सांगतात, आणि डॉक्टरही घाईतच असतात. मग तो विश्रांतीच्या सुट्टीकडेही धावतच सुटतो. या लेखकाला १९३० साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळवणारे ते पहिले अमेरिकन.

पण बॅबिटसारख्या सुखवस्तू माणसांचा ‘हसलर’ एका बाजूला मिरवत होता, तेव्हा शब्दाचे जुने घर काही ओस पडले नव्हते. हीच या इतिहासातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट. शब्दाने वर चढताना खालची शिडी काढून घेतली नाही. एकाच शहरात, एकाच वर्षी, कचेरीत बसणाऱ्या गोऱ्या विक्रेत्याला हसलर म्हटले की ती बढतीची शिफारस असे, आणि गल्लीत उभ्या असलेल्या काळ्या तरुणाला हसलर म्हटले की पोलिसाला हाक. बाईला हा शब्द लावला तर काही विचारूच नका. त्याचा अर्थ देह विकणारी असा होई. कोशातली जी ओळ गुरुजींनी पोरापुढे वाचली नाही ती हीच. पुरुषाने रस्त्यावर पोट भरले तर तो हुशार ठरण्याची निदान शक्यता तरी होती. बाईला तेवढीही नव्हती.

न्यूयॉर्कचा हार्लेम हा काळ्या लोकांचा विभाग. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या माल्कम एक्स यांच्या आत्मचरित्रात एका प्रकरणाचे नावच ‘हसलर’ असे आहे. १९४० च्या दशकात ते तिथे होते. आगगाडीत सँडविच विकणे, हॉटेलात वाढप्याचे काम, आणि मग जुगाराचे आकडे, अमली पदार्थ, चोऱ्या अशी ती घसरगुंडी त्यांनी काही न लपवता सांगितली आहे. ज्या माणसाला नीट नोकरीच्या दारातच उभे करीत नाहीत, तो दिवस कसा काढतो याचे ते वर्णन आहे. त्यात आळस कुठेच नाही. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत चालणारा तो उद्योगच आहे, फक्त त्याला कोणी उद्योग म्हणत नाही.

बिलियर्डच्या टेबलावर खेळणाऱ्या हसलरांचा प्रकार आणखी निराळा. नेड पोल्स्की नावाच्या समाजशास्त्रज्ञाने त्यांच्यात मिसळून अभ्यास केला आणि १९६७ साली पुस्तक लिहिले. या लोकांचे सगळे कौशल्य असते ते आपले कौशल्य लपवण्यात. पहिले दोन डाव थोडक्यात हरायचे, “आज हात बसत नाही बुवा” असे पुटपुटायचे, समोरच्याला चढवायचे, पैज वाढवू द्यायची, आणि मग जिंकायचे, तेही अगदी थोडक्यात. म्हणजे तो उद्या पुन्हा येईल. १९६१ साली ‘द हसलर’ हा चित्रपट आला, पॉल न्यूमन हा त्यातला नट, त्याने या जातीच्या खेळाडूला जगभर ओळख दिली. कॅसलमधल्या ‘टी’ सारखे आहे पहा हे : कागदावर असायचे, कानाला कळू द्यायचे नाही.

आणि विरोध किती असावा! याच सुमारास अमेरिकेने एक बाँबफेके विमान बांधले होते, आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारे. १९५६ साली ते पहिल्याने उडाले. त्याचे अधिकृत नाव होते हसलर. एकीकडे पोलिसांच्या वहीत, एकीकडे हवाईदलाच्या पंखावर.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या शब्दाला पुन्हा नवी पालवी फुटली. ‘साइड हसल’ म्हणजे मुख्य नोकरी सांभाळून बाजूला केलेला दुसरा धंदा. हाही शब्द आधी अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या बोलण्यातला. एका पगारात भागत नाही त्यांचा. २००८ सालच्या मंदीनंतर तो सर्वांच्या तोंडी झाला. दिवसा कचेरी आणि रात्री भाड्याची मोटार चालवणाऱ्याला पूर्वी लोक ‘बिचारा’ म्हणाले असते. आता त्याला हसलर म्हणू लागले. ऐकायला बरे वाटते. पण आपल्याकडे शेती करून गिरणीत पाळी भरणारा, शिक्षण घेता घेता पेपर टाकणारा, चार घरची धुणीभांडी करून संध्याकाळी पोळपाट हाती घेणारी, यांना कोणी इंग्रजी नाव दिले नव्हते. नाव दिल्याने त्यांची रात्र काही मोठी झाली नसती. आपल्या देशात हा शब्द तरुणांपर्यंत नेण्यात गाण्याचाही हात आहे. २०१९ साली ‘हसल’ याच नावाची, तालात बोलून गाणाऱ्या मुलांची एक स्पर्धा दूरचित्रवाणीवर सुरू झाली. त्या सदऱ्याचा माग तिथपर्यंतही जात असेल.

आता शेवटचा मुक्काम, आणि तो आहे आफ्रिकेत. केनिया देशात स्वाहिली आणि इंग्रजी या दोन्ही राजभाषा आहेत, आणि तिथे ‘हसलर’ म्हणजे रोजच्या कमाईवर जगणारा साधा माणूस. डोक्यावर टोपली घेणारी भाजीवाली, जिला तिकडे ‘मामा म्बोगा’ म्हणतात (स्वाहिलीत मामा म्हणजे आई, बरे का!), भाड्याची मोटारसायकल चालवणारा, हातगाडी ढकलणारा, हे सगळे हसलर. २०२२ च्या निवडणुकीत विल्यम रुतो यांनी हा शब्द निशाणासारखा उंच धरला. समोर होते जुन्या राजकीय घराण्यांचे वारस. एक पहिल्या राष्ट्राध्यक्षांचा मुलगा, एक पहिल्या उपराष्ट्राध्यक्षांचा. रुतो म्हणाले, ही लढाई घराणी आणि हसलर यांची आहे. मी लहानपणी रस्त्याच्या कडेला कोंबड्या विकल्या आहेत. पक्षाचे चिन्ह घेतले एका चाकाची ढकलगाडी. खुद्द रुतो तोवर श्रीमंत झालेले आणि नऊ वर्षे उपराष्ट्राध्यक्षपदी बसलेले होते, हे विरोधक सांगत राहिले. पण ते निवडून आले.

त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सरकारने ‘हसलर फंड’ नावाने कर्जयोजना सुरू केली. मोबाइल फोनवरून अर्ज, ५०० ते ५०,००० शिलिंग कर्ज, वर्षाला आठ टक्के व्याज. लंडनच्या गर्दीत घड्याळ लांबवणाऱ्याचे नाव दोनशे वर्षांनी सरकारी योजनेच्या पाटीवर लागले. शब्दाच्या नशिबात याहून वरची जागा कोणती असणार?

पण ज्यांना उद्देशून तो शब्द वापरला होता, त्यांनी तो गंभीरपणे घेतला होता. २०२४ साली सरकारने नव्या करांचे विधेयक आणले, तेव्हा नैरोबीच्या आणि इतर शहरांच्या रस्त्यांवर तरुण मुलामुलींचे लोंढे उतरले. आम्हाला हसलर म्हणालात ना, मग आमच्या भाकरीवर आणि फोनवर कर कसा, असा त्यांचा रोख होता. २५ जूनला जमाव संसदेच्या इमारतीत घुसला, गोळीबार झाला, माणसे मेली. दुसऱ्या दिवशी रुतो यांनी त्या विधेयकावर सही करणार नाही असे जाहीर केले.

तर गुरुजी, त्या पोराला हे सगळे सांगायला एक तास काही पुरणार नाही. पण त्याला बाहेर पटांगणात न्या, मातीत एक रेघ ओढा, चार मुलांच्या हाती चार-चार नाणी द्या आणि कोणाची तरी टोपी मागून घ्या. नाणी मात्र मोजून द्या, आणि मोजून परत घ्या.